भोसरीहून तुलूझला: विमानाचा पहिला भाग निर्यात होईपर्यंत

गेल्या नोव्हेंबरात आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधून विमानाच्या सुट्या भागांची पहिली बॅच फ्रान्समधल्या तुलूझला गेली आणि जानेवारीत तिचे पैसे खात्यात आले. २०२३ च्या पावसाळ्यात या कामाला हात घातला, तेव्हा मराठीत काही वाचायला मिळतं का, हे मी खूप शोधलं होतं. सेमिनारांमधून ‘संधी मोठी आहे’ एवढंच ऐकू यायचं. संधी आहेच. पण सोमवारी सकाळी ऑफिसात आल्यावर पहिला फोन कुणाला करायचा, किती पैसे बाजूला काढून ठेवायचे, कुठल्या टप्प्यावर किती थांबावं लागतं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वर्कशॉप वडिलांनी उभं केलं. आता दादा उत्पादन बघतो आणि मी कोटेशन, खरेदी आणि क्वालिटीची कागदपत्रं बघते. आमच्याकडे धातू कापायची, संगणकावर चालणारी मशीन आहेत: काही व्हीएमसी, टर्निंग सेंटर आणि एक सेकंडहँड घेतलेलं फाइव्ह ॲक्सिस मशीन. वर्षानुवर्षं दुचाकी आणि पंपांच्या कंपन्यांचे जॉब केले. दरवर्षी भाव कमी करून द्या म्हणणारे गिऱ्हाईक आणि पेट्रोल इंजिनाच्या भागांचं पुढे काय होणार याची धास्ती, या दोन गोष्टींमुळे आम्ही दुसरीकडे बघायला लागलो.

फ्रान्सच का? एअरबसचं मुख्यालय तुलूझला, विमान जोडणीच्या लाइनही तिथे, आणि त्यांना भाग पुरवणाऱ्या शेकडो लहानमोठ्या कंपन्या तुलूझ ते बोर्दो या पट्ट्यात. ‘एरोस्पेस व्हॅली’ नावाची या उद्योगांची संघटना २००५ पासून तिथे काम करते. एअरबसने २०२४ मध्ये ७६६ विमानं ग्राहकांच्या ताब्यात दिली. ए३२० जातीच्या विमानांचं उत्पादन २०२७ पर्यंत महिन्याला ७५ वर न्यायचं त्यांनी जाहीर केलं होतं. भारतातून होणारी खरेदी सुमारे १.४ अब्ज डॉलरची आहे, ती २०३० पर्यंत २ अब्जांवर न्यायचं उद्दिष्ट आहे. हे आकडे वाचून आपल्याला थेट एअरबसची ऑर्डर मिळेल असं मात्र कुणी धरून चालू नये. ती खरेदी मोठ्या कंपन्यांकडून होते. आपल्यासारख्यांचं दार तिसऱ्या फळीत असतं: एअरबसला पुरवठा करणाऱ्याला जो पुरवठा करतो, त्याच्या दारात आपण उभं राहायचं.

दुसरी गोष्ट परवान्यांची. विमानाचा भाग बनवायचा म्हणजे स्वतः विमान प्राधिकरणाची मान्यता हवी, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं. युरोपात भागाबरोबर ‘इएएसए फॉर्म १’ (युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या नमुन्यातलं, भाग वापरायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र) देण्याचा अधिकार मान्यताप्राप्त उत्पादक संस्थेला असतो. आपण त्या संस्थेच्या क्वालिटी व्यवस्थेखाली काम करतो आणि भागाबरोबर अनुरूपतेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘सीओसी’ देतो. आपल्याकडे हवं असतं ते एएस ९१००, म्हणजे विमान उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं प्रमाणपत्र (युरोपात त्यालाच ईएन ९१०० म्हणतात). ते नसेल तर बहुतेक खरेदी अधिकारी पहिल्या मेलच्या पुढे जात नाहीत.

आमच्याकडे आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण क्वालिटीचं प्रमाणपत्र होतं, त्यामुळे निम्मं काम झालंय असा माझा समज होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सल्लागार येऊन बसले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी स्टोअरमधल्या ॲल्युमिनियमच्या रॅकसमोर उभं राहून विचारलं, “ताई, हा तुकडा कुठल्या हीटचा?” हीट म्हणजे धातू वितळवून ओतल्याची एक खेप. बारमधून तुकडा कापला की उरलेला बार रॅकवर परत जायचा. ग्रेडचा रंग लावलेला असायचा, बस. विमानाच्या कामात तेवढ्याने भागत नाही. गिरणीत धातू ओतला तेव्हाचा हीट नंबर, त्याचं ३.१ प्रकारचं, म्हणजे गिरणीने त्याच मालाची चाचणी करून दिलेलं टेस्ट सर्टिफिकेट, तो बार आमच्याकडे आला ती तारीख, त्यातून कापलेला तुकडा, त्या तुकड्यावर काम केलेलं मशीन, ऑपरेटर, मोजमापाची उपकरणं आणि शेवटी डब्यात गेलेला नग, ही साखळी दोन्ही दिशांनी वाचता आली पाहिजे. या व्यवसायात भागाइतकाच त्याचा इतिहास विकत घेतला जातो. उद्या एखाद्या बारमध्ये दोष निघाला, तर त्या बारचे नग कुठल्या विमानात बसलेत हे तासाभरात सांगता यावं लागतं. त्या विमानात माणसं बसलेली असतात. हे एकदा मनात नीट रुजलं की कागदांचा कंटाळा येत नाही, निदान मला तरी नंतर आला नाही.

मानकातल्या ८.१ या कलमाचे उपभाग जरूर वाचा. ८.१.२ मध्ये ड्रॉइंगची कुठली आवृत्ती वापरात आहे यावरचं नियंत्रण, ८.१.३ मध्ये उत्पादन सुरक्षितता, ८.१.४ मध्ये बनावट भाग आणि बनावट माल रोखणं. आयएसओ ९००१ वाल्यांना इथे सगळ्यात जास्त नवं काम पडतं. त्याखालोखाल ‘एफओडी’ची शिस्त. भागात किंवा भागाजवळ परकी वस्तू राहू नये म्हणून टूल ट्रॉलीत प्रत्येक हत्याराचा आकार कापलेला फोम, शिफ्ट संपताना मोजदाद, मशीनजवळ चहाचा कप नाही.

या काळात आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरांचा, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, मोठा आधार झाला. त्यांच्याकडे एक डायरी आहे: कुठल्या जॉबला कुठला कटर, किती फीड, कितव्या नगानंतर ऑफसेट द्यायचा. सल्लागारांनी ती पाहिली आणि म्हणाले, “काका, हीच तर प्रोसेस शीट आहे.” त्या डायरीवरूनच आम्ही आमच्या शीट तयार केल्या आणि काकांनी तपासून सह्या केल्या. तुमच्याकडेही असा माणूस नक्की असेल. बाहेरून आणलेले तयार नमुने भरत बसण्याआधी त्याच्याजवळ दोन दिवस बसा.

स्टेज १ ऑडिट डिसेंबरात झालं, स्टेज २ मार्च २०२४ मध्ये. काही त्रुटी निघाल्या. त्यांची मूळ कारणं लिहून, पुरावे जोडून दिल्यावर मे महिन्यात प्रमाणपत्र आलं आणि आमचं नाव ‘ओएसिस’ या आंतरराष्ट्रीय यादीत दिसायला लागलं. परदेशातला खरेदी अधिकारी पहिल्यांदा तिथेच नाव शोधतो, म्हणून त्यातला पत्ता आणि कामाची व्याप्ती बारकाईने तपासा. सल्लागार, ऑडिट, उपकरणांचं कॅलिब्रेशन आणि स्टोअरची नवी मांडणी धरून खर्च आठ लाखांच्या आसपास गेला. सीएमएम, म्हणजे भागाची मापं बिनचूक घेणारं मशीन, आम्ही विकत घेतलं नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तासाच्या दराने मोजून आणायला सुरुवात केली. आता हे मानक आयए ९१०० या नावाने नव्याने येऊ घातलं आहे, तेव्हा सुरुवात करणाऱ्यांनी कुठल्या आवृत्तीवर काम करायचं हे आधी विचारून घ्यावं.

ऑडिटच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांत निर्यातीची कागदपत्रं उरकली. डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या पोर्टलवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, ५०० रुपयांत आणि लगेच मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो, काहीही बदल नसला तरी. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर आरएफडी ११ हा एलयूटीचा, म्हणजे हमीपत्राचा, अर्ज प्रत्येक आर्थिक वर्षात नव्याने. ईईपीसी या अभियांत्रिकी निर्यात परिषदेचं आरसीएमसी, म्हणजे सदस्यत्वाचं प्रमाणपत्र, घेतलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो एडी कोडच्या, म्हणजे निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँक शाखेच्या क्रमांकाच्या, पत्रात. शाखेत यापूर्वी हे काम फारसं कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे तीन आठवडे हेलपाटे झाले. हा कोड आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर प्रत्येक बंदरासाठी किंवा विमानतळासाठी वेगळा नोंदवावा लागतो. माल मुंबईच्या सहार कार्गोतून जाणार असेल तर तिथला आधीच नोंदवून ठेवा. ऑर्डर हातात आल्यावर हे करायला घेतलं तर माल बांधून पडून राहतो.

मग गिऱ्हाईक शोधणं. पॅरिसचा ले बूर्जे एअर शो विषम वर्षांच्या जूनमध्ये असतो, तर तुलूझचं एरोमार्ट सम वर्षांच्या डिसेंबरात. आमच्या आकाराच्या वर्कशॉपला मी एरोमार्ट सुचवीन. तिथे स्टॉल सजवून वाट बघत बसायची नसते; आधीच ठरवलेल्या छोट्या छोट्या भेटी असतात, समोर खरेदी विभागाचा माणूस आणि टेबलावर आपले नमुने. डिसेंबर २०२४ च्या एरोमार्टसाठी आम्ही जूनमध्ये नाव नोंदवलं. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आणि वर केंद्राचा सेवाशुल्क. पण त्या हंगामात अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, म्हणून सप्टेंबरातच तारीख घ्या. आयोजकांचं निमंत्रणपत्र, कंपनीचे तीन वर्षांचे रिटर्न आणि परतीचं तिकीट एकत्र लावलं, पासपोर्ट दोन आठवड्यांत परत आला. नोंदणी, विमान आणि राहणं धरून आम्हा दोघांचा खर्च पाच लाखांच्या वर गेला. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी केंद्राची प्रदर्शन साहाय्य योजना आहे, तिचा अर्ज प्रवासाआधी करावा लागतो.

तिथल्या भेटींमध्ये काय कामाला आलं ते सांगते. आम्ही कंपनीची माहितीपुस्तिका बाजूला ठेवली आणि ७०७५ ॲल्युमिनियमचा एक पातळ भिंतीचा नमुना व त्याच्याच मोजमापाचा अहवाल पुढे केला. समोरच्या बाईंनी भाग हातात घेतला, कडांवरून बोट फिरवलं, बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक धार, कुठे राहिलाय का बघितलं आणि मग अहवाल वाचत बसल्या. किमतीचा विषय भेटीच्या शेवटी निघाला. त्यांचा पहिला प्रश्न होता: “तुमचा कच्चा माल कुठून येतो?” दुसरा: “ॲनोडायझिंग कोण करतं?”

हा दुसरा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येकाने आधी सोडवून जावा. ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं), उष्णता प्रक्रिया, डाय पेनिट्रंट तपासणी (रंगद्रवाने बारीक भेगा शोधणं) यांना ‘स्पेशल प्रोसेस’ म्हणतात आणि त्या करणाऱ्या कारखान्याला ‘नॅडकॅप’ ही विमान उद्योगाची मान्यता लागते. मान्यता असलेले कारखाने जास्त करून बेंगळुरू, बेळगाव, हैदराबाद या बाजूला. शिवाय युरोपच्या ‘रीच’ या रसायनांच्या कायद्यामुळे क्रोमिक ॲसिडच्या जुन्या प्रक्रियेवर निर्बंध आले आहेत. तिच्याऐवजी टार्टारिक सल्फ्युरिक ॲनोडायझिंग मागतात, त्यामुळे पर्याय आणखी कमी होतात. आम्ही कर्नाटकातल्या एका कारखान्याशी बोलून त्यांचं संमतिपत्र सोबत नेलं होतं. ते पत्र टेबलावर ठेवल्यावर बोलणं पुढे गेलं.

त्या भेटींमधून पहिली ऑर्डर मात्र ड्रोनवाल्यांची आली. रेल्वेमार्ग आणि विजेच्या तारांची पाहणी करणारे ड्रोन बनवणारी एक लहान कंपनी. त्यांना घडी होणाऱ्या हातांचे बिजागर आणि मोटर बसवायचे ब्रॅकेट हवे होते. आपल्याकडे ड्रोन म्हटलं की फवारणी डोळ्यांपुढे येते. फ्रान्समध्ये हवाई फवारणीवर बंदी होती. एप्रिल २०२५ मध्ये कायदा होऊन उतारावरचे द्राक्षमळे, केळीच्या बागा अशा ठरावीक ठिकाणीच आणि तीही कमी धोक्याच्या औषधांपुरती ड्रोनला मुभा मिळाली. म्हणजे फवारणीच्या ड्रोनचे भाग घेऊन तिथे जाण्यात सध्या तरी फारसा अर्थ नाही. मागणी आहे ती पाहणी, मोजणी आणि संरक्षण या कामांच्या ड्रोनना.

ड्रोनचा अख्खा संच विकायचा झाला तर युरोपीय संघाचे २०१९/९४५ आणि २०१९/९४७ हे दोन नियम आहेत, सी० ते सी६ असे वर्ग आहेत. सी० म्हणजे २५० ग्रॅमच्या आतला, सी३ आणि सी४ म्हणजे २५ किलोच्या आतले. त्या चाचण्या आणि सीई (युरोपीय नियमांना अनुरूप असल्याचं) चिन्ह ही उत्पादकाची जबाबदारी. भाग पुरवणाऱ्यावर हा बोजा येत नाही, म्हणून वर्कशॉपसाठी हे दार विमानापेक्षा लवकर उघडतं. आमच्या ड्रोनवाल्या गिऱ्हाइकाने एएस ९१०० असल्याची नोंद घेतली, पण अट घातली नव्हती. भारताच्या बाजूने मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही: स्कोमेट यादी. दुहेरी वापराच्या वस्तूंच्या या यादीतली पाचवी श्रेणी हवाई आणि अवकाश प्रणालींची आहे, त्यातला ५बी हा भाग मानवरहित विमानांचा. जून २०२३ पासून २५ किलोमीटरपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत भार नेणाऱ्या नागरी वापराच्या ड्रोनसाठी डीजीएफटीने एकदाच घ्यायची सर्वसाधारण परवानगी आणली, त्यामुळे ड्रोन बनवणाऱ्यांचं काम सोपं झालं. आपला भाग यादीत बसतो की नाही हे ठरवण्याची जबाबदारी निर्यातदाराचीच असते. आम्ही सल्लागाराकडून लेखी मत घेतलं, गिऱ्हाइकाकडून अंतिम वापराचं पत्र घेतलं आणि दोन्ही फाइलला लावलं. खर्च तीसेक हजार. रात्री शांत झोप लागण्यासाठी तो जरूर करावा.

मार्च २०२५ मध्ये ड्रोनचे भाग गेले. एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक, ८८०७. विमानं आणि ड्रोन यांच्या भागांसाठी २०२२ पासून हेच शीर्षक आहे. जुन्या कागदांत ८८०३ दिसेल, तो वापरू नका. पॅकिंग लाकडाचं असेल तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का हवाच. निर्यातीच्या सगळ्या पायऱ्या या लहान, कमी जोखमीच्या मालावर चढून बघता आल्या, याचा पुढे फार उपयोग झाला. दुसरी ऑर्डर एप्रिलअखेर ठरली होती, ती लांबली. चीनने एप्रिलमध्ये काही दुर्मिळ मूलद्रव्यं आणि त्यांची चुंबकं यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आमच्या ड्रोनवाल्या गिऱ्हाइकाच्या मोटरीच वेळेवर येईनात. मोटर नाही तर ब्रॅकेट कशाला? ती ऑर्डर सप्टेंबरात आली. तोवर आणलेला माल कपाटात आणि भांडवल अडकलेलं. ड्रोनवर पूर्ण भिस्त ठेवू नका, असं मी त्या उन्हाळ्यानंतर सगळ्यांना सांगते.

एरोमार्टमधल्या त्या बाईंचा मेल फेब्रुवारीत आला होता. आधी गोपनीयतेचा करार, मग लांबलचक प्रश्नावली, मग व्हिडिओवरून वर्कशॉपची पाहणी आणि जूनमध्ये त्यांचा क्वालिटीचा माणूस प्रत्यक्ष भोसरीत. दादाने त्याला सगळ्यात आधी नाकारलेल्या भागांचं कुलूपबंद कपाट दाखवलं. तो तिथे बराच वेळ रमला. जुलैत चाचणी ऑर्डर मिळाली: आसनांच्या खालच्या भागातले तीन प्रकारचे ब्रॅकेट, प्रत्येकी काही डझन. दुचाकीवाल्यांना हजारांत नग लागतात. इथे नग थोडे, सेटिंग फार. कोटेशन करताना मशीनच्या मिनिटांत सेटिंगचा, प्रोग्रामिंगचा आणि कागदांचा वेळ वेगळा धरा.

ड्रॉइंग फ्रेंचमध्ये होती. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, ०,०५ म्हणजे ०.०५, हे शॉपवरच्या प्रत्येकाला सांगून भिंतीवर लावलं. कच्चा माल मान्य गिरणीचाच हवा होता, वितरकाकडून अख्खी प्लेट घ्यावी लागली आणि ती यायला सात-आठ आठवडे गेले. त्यातच ऑगस्ट. ऑगस्टमध्ये फ्रान्समधलं ऑफिस जवळजवळ बंद असतं. विचारायचे ते प्रश्न जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत विचारून घ्या.

मग फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, म्हणजे एएस ९१०२ चा अहवाल. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला गोल करून क्रमांक द्यायचा आणि फॉर्म ३ मध्ये त्या क्रमांकासमोर मोजलेली खरी किंमत लिहायची. फॉर्म १ भागाचा, फॉर्म २ मालाचा आणि स्पेशल प्रोसेसचा. थ्रेडसमोर नुसतं ‘ठीक’ लिहून चालत नाही, कुठल्या गेजने बघितलं त्याचा क्रमांक लागतो. आमचा अहवाल अशाच शंका घेऊन परत आला, आम्ही उत्तरं जोडली, पुन्हा पाठवला. एकेका प्रश्नाला आठवडा जायचा. काका रोज विचारायचे, “आलं का काही?” ऑक्टोबरच्या शेवटी मंजुरी आली. आता त्या भागाची पद्धत, मशीन किंवा जागा बदलायची तर आधी गिऱ्हाइकाला कळवायचं आणि अहवाल नव्याने करायचा. उत्पादन दोन वर्षं थांबलं तरी पुन्हा करायचा.

पैशांचं: फ्रान्सच्या कायद्याने दोन कंपन्यांमधलं बिल इन्व्हॉइसच्या तारखेपासून साधारण ६० दिवसांत चुकतं करावं लागतं. आम्हाला ते वेळेवर मिळालं. तरीही ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा उतरवला होता, पहिल्या गिऱ्हाइकासाठी तो असावा. पैसे आल्यावर शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) आणि बँकेची नोंद जुळवून ईबीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, काढायला विसरू नका. या पहिल्या बॅचमध्ये नफा झालेला नाही. सगळा खर्च भरून निघायला आमच्या हिशेबाने आणखी दोन वर्षं लागतील, आणि तेवढा काळ दुचाकीचं काम चालू ठेवूनच हे करावं लागणार आहे. कर्ज काढून फक्त याच्यावर उडी घेणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला मी मनापासून थांबवलं. त्याने आधी एएस ९१०० करावं, ड्रोनच्या एखाद्या लहान ऑर्डरवर निर्यातीची सवय करावी आणि मग विमानाकडे जावं, असं त्याला सुचवलं आहे.

आमची पुढची बॅच मार्चअखेर जायची आहे, त्याआधी वार्षिक सर्व्हेलन्स ऑडिट. एरोमार्टला जाऊ इच्छिणाऱ्यांनी या उन्हाळ्यातच नोंदणी बघावी. ओएसिसवरची नोंद, आयईसी, त्या त्या विमानतळाचा एडी कोड आणि ॲनोडायझिंगवाल्याचं संमतिपत्र, एवढं तयार असेल तर डिसेंबरातल्या टेबलावर बोलायला बसता येतं.